चष्म्याचं शिबिर आणि कांताबाईंची डाळ

मिशन ट्रिप म्हटलं की आमच्या मस्कतच्या चर्चमधले लोक आफ्रिकेची स्वप्नं पाहतात. यंदा मात्र ठरलं जालना जिल्हा. समुद्र ओलांडून जायचं म्हणजे परदेशवारीच, पण सहा जणांत मराठी मी एकटा, त्यामुळे माझी कॉलर ताठ. त्यात गेली सतरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो, आणि शिबिर होतं जवळचं दिसण्यासाठी मोफत चष्मे वाटायचं. "चित्रांचा तक्ता घ्यायचा का?" असं आमच्या केरळच्या नर्सने, जेसी सिस्टरने, विचारलं, तेव्हा मी हात झटकले. "हल्ली सगळ्यांना वाचता येतं. माझे लोक आहेत, मला माहीत नाही?"

मुंबईहून रेल्वेने परतूरला उतरलो. जायचं असेल तर जानेवारीत जा. हवा छान असते आणि शेतात कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळतो. कुंभार पिंपळगावकडे जाणारी जीप माणसांनी गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घड्याळ पिशवीत टाका आणि स्टेशनबाहेरची गरम भजी खा. शिबिराचं गाव पिंपळगावच्या थोडं अलीकडे. मुक्काम शाळेतल्या गुरुजींच्या घरी, जेवायला पिठलं, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

पहिल्या दिवशी सकाळी मोठी प्रार्थना केली, "प्रभू, या लोकांना दृष्टी दे," वगैरे. मग समाजमंदिरात मराठी अक्षरांचा तक्ता टांगला. बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. सगळ्यांत पुढे पंचावन्न-साठीच्या कांताबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या. मी बारीक अक्षरांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं, तर त्या पदर सावरू लागल्या.

"मावशी, निदान वरची मोठी ओळ तरी वाचा!" मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

"मला दिसून राह्यलं सगळं," त्या म्हणाल्या, कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. पाहता पाहता मागची रांगही पांगली. दिवसभरात चष्मे गेले सात, तेही पुरुषांना.

दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. दुपारी जेवताना गुरुजी म्हणाले, "सर, कांताबाईंना वाचता येत न्हाई, रांगेतल्या बऱ्याच जणींनाबी. अन् मागच्या महिन्यात खिचडीत खडा निघाला, एका पोराचा दात दुखावला. पालक म्हणून राह्यले, दुसरी बाई ठेवा. बाईचं घर त्याच कामावर हाय. त्या मोठ्या आशेनं आल्त्या तुमच्याकडं."

परवा आमची गाडी परत जाणार होती.

जेवण तसंच टाकून त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून त्या ताटात तुरीची डाळ निवडत होत्या, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. "या," म्हणाल्या, आणि रागात असूनही कोरा चहा पुढे केला.

"चुकलं माझं, मावशी."

"चारचौघींत उभं केलं तुमी मला. मला कुठं पोथी वाचायचीय? मला डाळीतला खडा दिसला पाह्यजे. त्येचा तक्ता हाय का तुमच्याकडं?"

नव्हता.

"मंग हे घ्या, निवडा." ताट माझ्या मांडीवर आलं. माझ्या महागड्या चष्म्यातून मी पाच मिनिटं मन लावून निवडलं. त्यांनी त्यावरून नुसती बोटं फिरवली आणि तीन खडे माझ्या तळहातावर ठेवले. "दादा, तुमचाबी नंबर बदलला का काय?"

मला हसावं की लाजावं कळेना. दोन्ही केलं.

"घरची मूठभर डाळ बोटांनी निवडून होती," त्या म्हणाल्या. "शाळंतली पाच किलो न्हाई होत. अन् एक सांगा, आमचं जय भीम हाय. चष्म्यापायी तुमच्या देवाचं काई करावं लागन का?"

"बिलकुल नाही."

"मंग उद्या येते. पन कोन्हाला वाचायला लावायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशीची प्रार्थना मी छोटी ठेवली. कांताबाई डबाभर डाळ घेऊन आल्या, त्यात स्वतःच्या हाताने बारीक खडे मिसळले आणि टेबलापाशी मधोमध बसल्या. तक्ता गुंडाळून कोपऱ्यात गेला. एकेक बाई येई, ताटातले खडे वेची, गप्पा मारी, आणि हुकूम सुटे, "दादा, हिला अजून एक नंबर वाढवा. जल्दी!" जेसी सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "आज तू मदतनीस." शेजारच्या वाडीतल्याही बायका आल्या. चष्मे संपत आले, तेव्हा मी दोन-तीन नंबरांचे कांताबाईंसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवले.

कांताबाई स्वतः शेवटी बसल्या. दोन नंबर जमला नाही. अडीचचा लावला. त्यांनी एक खडा उचलला, मग दुसरा, मग भराभर. मध्येच एक खडा बोटांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "असलाच व्हता तो," म्हणाल्या. "पोराच्या आधी मला दिसाया पाह्यजे व्हता." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी ठेच्यावर ढकलू शकत नव्हतो.

निघताना त्यांनी पुडकं दिलं. "घरची तूर हाय. निवडलेली हाय, बिनघोर शिजवा."

मस्कतला परतलो. चर्चमध्ये दहा मिनिटं बोलायचं होतं, किती लोकांची सेवा केली ते. मी कांताबाईंबद्दल बोललो, माझ्या तळहातावरच्या तीन खड्यांसकट. लोक हसले, मलाही बरं वाटलं. त्याच आठवड्यात गुरुजींचा निरोप आला, "खिचडी कांताबाईच करून राह्यल्या."

त्या शुक्रवारी बायको ते पुडकं सोडून डाळ धुवायला निघाली. मी म्हटलं थांब. ताट खिडकीपाशी उजेडात नेलं, चष्मा पुसला, डाळ पसरून पाहिली. मग चष्मा काढला, डोळे मिटले आणि त्यांच्यासारखी बोटं फिरवली.

एकही खडा नव्हता.