बाजरीत टांगलेली सीडी

"यांचं भांडण न्हाई गं, ओळख न्हाई."

अडून बसलेला प्रिंटर आणि त्याला न जुमानणारा संगणक समोर ठेवले, की बाई हेच म्हणायच्या. मग चष्मा पदराला पुसायच्या, ताप बघावा तसा तळहात संगणकावर टेकवायच्या आणि स्टूल पुढे ओढायच्या.

तिसगावच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं घर. आयुष्यभर शिकवून त्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच महिन्यात शाळेनं एक जुना संगणकही भंगारात काढला. बाईंनी तो रिक्षात घालून घरी आणला. "दोघांना एकदमच काढलं, म्हणलं एकमेकांला सोबत." तो चालू करता करता त्या हे काम शिकल्या. पुढे आसपासच्या गावांतली म्हातारी यंत्रं त्यांच्या पडवीत मुक्कामाला येऊ लागली.

तुम्हीही हे सोसलं असेल. यंत्र धडधाकट असतं, पण संगणक म्हणतो, मी याला ओळखत नाही. ओळख करून देणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. पूर्वी तो यंत्राबरोबर सीडीवर यायचा. सीडी हरवते, कंपनी जुन्या यंत्रांवरून हात काढून घेते आणि दुकानदार थंडपणे सांगतो, "नवीन घ्या." काहीही मोडलेलं नसताना वस्तू मेली असं जाहीर करणं, ही लूट नाही तर काय आहे?

मी हे असंच बोलायचे, अजूनही बोलते. माझ्या वडिलांनी हयातभर पत्रकं काढली आणि वाटली. मी आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचलेले दोन शब्द 'जाहीर निषेध' हे होते. बाईंकडे पहिल्यांदा गेले तीही वडिलांचा प्रिंटर घेऊन. त्या काम करत होत्या आणि मी त्यांना कंपन्यांविरुद्धचं माझं ताजं पत्रक वाचून दाखवत होते.

"झकास लिहिलंस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पण शिव्या छापायला प्रिंटरच लागतो. आधी तो चालू करू."

तासाभरात प्रिंटर चालू झाला. पत्रक छापण्याआधी बाईंनी लाल पेन घेऊन त्यातली नऊपैकी आठ उद्गारचिन्हं खोडली. "एवढं वरडलं की माणूस कान झाकतो, वाचत न्हाई." मी चिडले, पण छापलं तसंच. त्या दिवसापासून मी त्यांची 'पत्रकवाली' झाले आणि त्यांच्या पडवीत माझाही मुक्काम वाढला.

आमच्याकडे कणसं भरायला लागली की शेतात दोऱ्या ताणून जुन्या सीडी टांगतात. वाऱ्यानं त्या फिरतात, चमकतात आणि पाखरं बिचकतात. निदान दोन दिवस तरी. बाईंना अशी चकाकी दिसली की त्या चालती जीप थांबवायच्या. "बाबा, दोन मिनिटं थांब, वाचून येते." बांधावरून उतरून एकेक सीडी उलटून बघायच्या. जीपमधले खिदळायचे, "बाई, आजचा पेपर आला का बाजरीत?" पेपर नसला तरी कुठल्या तरी मॉडेमचा, कुठल्या तरी स्कॅनरचा ड्रायव्हर हमखास सापडायचा.

पण फुकट सीडी त्यांनी कधी घेतली नाही. पिशवीत निकामी सीडींची चळत असायची. एक काढली की तिथे दुसरी बांधायच्या. शेतकरी म्हणायचा, "न्या की बाई, बदली कशाला?" बाई म्हणायच्या, "मग पाखरांना काय सांगशील?" पुन्हा तीच तपासायला लागू नये म्हणून बदलीच्या सीडीवर काळ्या पेनानं लिहून ठेवायच्या : पाहिली. राहू द्या.

एका चैत्रात गुरुजी आले. शेजारच्या गावातल्या शाळेत ते शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. टेम्पोत त्यांच्याबरोबर शाळेचे शिपाईमामा होते आणि एक पेटीएवढं जड यंत्र होतं. कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारा प्रिंटर. बंद पडलेल्या एका संस्थेनं जाता जाता ते गुरुजींना दिलं होतं, आणि ज्या संगणकावर ते चालायचं तो जळाला होता.

"सलाम, बाई."

"सलाम, गुरुजी. बसा. काय अडलं?"

"चार पोरींचं गणित."

त्यांच्या वर्गात चार अंध मुली होत्या. गणिताचं ब्रेल पुस्तक मिळत नव्हतं. शाळा म्हणत होती, जूनपर्यंत पुस्तक नसेल तर चौघींनी गणित सोडावं, दुसरा सोपा विषय घ्यावा.

"मोबाईलवर ऐकता येत नाही का?" मी विचारलं.

"गोष्ट ऐकता येते, ताई. गणित न्हाई. कंस कुठं उघडला न् कुठं मिटला, कानाला कळत न्हाई. हाताखाली पान लागतं. अख्खं पुस्तक मी हातानं टोचायला बसलो, तर पोरी आजी होतील."

माझं डोकं तापलं. "मोर्चा काढू शाळेवर!"

"काढू," बाई म्हणाल्या. "आधी ओळख."

बाईंनी आपला तो शाळेतून आणलेला संगणक यंत्राला जोडला, कारण तसली लांबट केबल घुसेल असं भोक नव्या संगणकाला नव्हतंच. त्यांच्याकडचा एक जवळपासचा ड्रायव्हर टाकून पाहिला. यंत्र ठकठक करत सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी पानावरून बोट फिरवलं आणि हसत सुटले. "बाई, ह्यात नुसता 'क' हाय. क क क क, मधे एक पूर्णविराम, परत क. तोतरं हाय का हे?"

इंटरनेटवर शोधलं. कंपनीच उरली नव्हती. एका साईटवर ड्रायव्हर दिसला, पण बाईंनी माझा हात धरला. "ज्या दारावर दहा पाट्या 'आत या' म्हणत्यात, तिथं जायचं न्हाई."

मग गुरुजी म्हणाले, "यंत्राबरोबर एक सीडी होती. मी हाताळली होती. कुठं गेली?"

शिपाईमामांनी घसा खाकरला. "ती व्हय? गानी न्हवती हो तिच्यात. दोनदा लावून बगितली. मग दिली मेव्हण्याला. बाजरीत."

बाई उठल्याच. पायात चपला, खांद्याला पिशवी. "चला."

मेव्हण्याच्या उन्हाळी बाजरीत पन्नासेक सीडी लटकत होत्या. मी धावत पहिली पकडली. कोरी. दुसरी, तिसरी, सगळ्या कोऱ्या. उन्हानं छापील अक्षरं उडून गेली होती. बाई चष्मा वर-खाली करत होत्या. त्यांना मी तेवढं एकदाच हताश पाहिलं. वाचण्यावर ज्यांचं सगळं चालायचं, त्यांना वाचायलाच काही उरलं नव्हतं.

बांधावर उभे असलेले गुरुजी म्हणाले, "मला आत घ्या की कुणीतरी. मी माझ्या प्रत्येक वस्तूला ठिपक्यांची पट्टी लावून ठेवतो."

बाईंनी त्यांचा हात धरून दोरीवर ठेवला. दोरी चाचपत गुरुजी बाजरीतून निघाले. एकेक सीडी थांबवायची, अंगठा फिरवायचा, सोडून द्यायची. आम्ही डोळस तिघं मागे मागे. तिसऱ्या ओळीत ते थांबले. सीडीवर प्लास्टिकची बारीक पट्टी होती, तिच्यावर ठिपके.

"'यंत्र'," त्यांनी वाचलं. "माझाच हात हाय हा."

बाईंनी पिशवीतून बदलीची सीडी काढून तिथे बांधली. त्या घाईतही.

घरी येऊन त्यांनी सीडी टूथपेस्ट लावून पुसली. पण त्या पट्टीमुळे ती आत डुगडुगायची आणि अर्ध्यात अडकायची. मी पट्टी सोलायला गेले तर बाई ओरडल्या, "हात लावू नको! वरचा थर निघंल, सगळंच जाईल." क्षणभर विचार करून त्यांनी चिकटपट्टीचा तेवढाच तुकडा कापला आणि सीडीच्या बरोबर समोरच्या बाजूला लावला. "टायरवाला तोलाला वजन लावतो न्हाई का, तसं."

या वेळी ती शेवटपर्यंत फिरली. पडद्यावरच्या यादीत यंत्राचं नाव उमटलं. "आली गं," बाई हळूच म्हणाल्या, "नावानिशी आली."

ठक ठक ठक. पान पूर्ण बाहेर यायच्या आधीच गुरुजींचं बोट त्यावर होतं. "कंस उघडला," ते म्हणाले. बोट पुढे सरकलं. "कंस मिटला."

पूर्ण मे महिना ती पडवी ठकठकत होती. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "बाई, कांडप यंत्र टाकलं का? माझी मिरची घेता का कुटून?" जूनमध्ये चौघी पुस्तक घेऊन वर्गात बसल्या. मोर्चा काढायची वेळच आली नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करते. त्यातल्याच एकीनं परवा माझ्या पत्रकातली टक्केवारी चुकलेली काढून दाखवली. सगळ्यांसमोर.

तो संगणक आता गुरुजींच्या शाळेत आहे. त्यावर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : याला नेट जोडू नये. आहे तसा बरा आहे. खाली तेच ब्रेलमध्ये, कारण बाजरीतल्या त्या दुपारनंतर बाईंचा शाईवर विश्वास उरला नव्हता. बदलीच्या सीडींसाठीही त्यांनी गुरुजींकडून पट्ट्या टोचून घेतल्या होत्या, 'पाहिली' तेवढं गाळून. तेवढे दोन शब्द बोटानं वाचायला मीही शिकले.

गेल्या नाताळाच्या आधी बाई गेल्या. आजार लहानसा होता, आम्हाला वाटलं होतं उठतील.

परवा जीपनं जाताना एका शेतात चकाकलं. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मागचे हसले, हसू दिलं. बांध उतरून जवळची सीडी हातात घेतली. कोरी होती, सगळी शाई उडालेली. कडेवरून अंगठा फिरवला आणि ठिपके लागले.

राहू द्या.

मी सोडून दिली. ती पुन्हा फिरायला लागली.