जोमरेचा कौल

बान जोमरे लग्न होऊन सोलमोरी या कोळ्यांच्या गावी आली तेव्हा तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. डोंगरातल्या बटाट्याच्या शेतांत वाढलेली पोर ती. सुरुवातीला लाटांच्या आवाजाने तिचा डोळा लागेना. पण समुद्राहून मोठा आवाज घरातच होता. सासू आणि नवरा यांचं एकाही गोष्टीवर कधी जमलं नाही. सासू चुलीपाशी येऊन मुलाची गाऱ्हाणी सांगे, नवरा जाळं दुरुस्त करताना आईची. जोमरे दोघांचंही ऐकून घेई आणि "हं" म्हणे. तिच्या लेखी त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच. सासूला वाटायचं सून आपल्या बाजूची, नवऱ्याला वाटायचं बायको आपल्या बाजूची. घर टिकलं ते त्या एका अक्षरावर.

पुढे सासू गेली, नवरा गेला, मुलगी सॉनहुई लग्न करून बुसानला गेली. जोमरेने बंद पडलेल्या शाळेमागच्या बोळात सूप-भाताची खानावळ काढली. समुद्रशेवाळाचं सूप, मुळ्याची आंबवलेली तिखट किमची, वाफाळता भात. त्या बोळात गावातल्या चार म्हाताऱ्यांखेरीज कुणी फिरकत नसे. तिचं कुणाशी वाकडं नव्हतं, आणि कुणी तिला मत विचारत नव्हतं. तिला ते बरंच होतं.

मग कुणीतरी पुळणीच्या टोकाला असलेल्या दोन खडकांमधला फोटो काढून फोनवर टाकला आणि एका उन्हाळ्यात सोलमोरीचं सोलमोरीपण गेलं. थेट राजधानी सोलहून गाड्या येऊ लागल्या. पुळणीकडे जाणारी गल्ली ती केवढी, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, त्यात लोक गाड्या लावून खडकांकडे पळत. म्हाकूल मासळी वाळत घालायच्या दोऱ्यांवर ओले टॉवेल लटकू लागले. एका सकाळी गल्लीत राहणाऱ्या ओकनामताईच्या दारातच तंबू. ताईने दार उघडलं तर समोर एक जोडपं अंडी उकडत बसलेलं. "आजी, मीठ आहे का?"

इथपर्यंत गावाने हसण्यावारी नेलं. पण ऑगस्टच्या ऐन गर्दीत ओकनामताईच्या नवऱ्याच्या, ब्यॉनदादांच्या छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेवटी कोळ्यांनी त्यांना घोंगडीत घालून, गाड्यांच्या मधून वाट काढत नेलं. दादा वाचले. गावाचं हसू मात्र संपलं.

तालुक्याच्या कचेरीतून प्योबाई आल्या. तरुण, घामाघूम, हातात नकाशाची गुंडाळी. "नियम आम्ही वरून लादणार नाही," त्या म्हणाल्या. "गावाने बसून ठरवायचं. एक समिती करा, अध्यक्ष निवडा."

गल्लीच्या टोकाला कॉफीचं दुकान चालवणारा ताइजुन म्हणाला, मी होतो. कोळी म्हणाले, तू सोलचा, तू कशाला? ताइजुन म्हणाला, मग तुमच्यातला नको, तुम्ही सगळे दरवाजे लावून बसणारे. बराच आरडाओरडा झाल्यावर कोळ्यांचा म्होरक्या ओकदादा म्हणाला, "जोमरेला करा. तिचं कुणाशी भांडण नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जोमरे भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. सवयीने म्हणाली, "हं." टाळ्या वाजल्या. त्या कशासाठी, ते तिला घरी गेल्यावर समजलं.

बैठकीच्या आठवड्यात तिच्याकडे रीघ लागली. ओकनामताई रडत आली. "गल्लीत एकसुद्धा गाडी नको. उद्या तुझ्यावर वेळ आली म्हणजे?" जोमरेला ते शंभर टक्के पटलं. "हं," ती म्हणाली. पाठोपाठ ताइजुन. "मावशी, गाड्या बंद केल्यात तर माझ्याकडे कॉफी प्यायला काय सीगल येणार? मी सगळं विकून इथं आलो." त्याचे डोळे लाल झालेले. तेही तिला शंभर टक्के पटलं. दोघं समाधानाने परतले आणि जोमरे मुळा चिरता चिरता तशीच थांबली. दोन्ही खरं असेल तर करायचं काय?

समाजमंदिरात प्योबाईंनी जमिनीवर गावाचा मोठा नकाशा पसरला आणि प्रत्येकाला हिरव्या-लाल टिकल्या दिल्या. पाहुणे चालतील तिथे हिरवी, चालणार नाहीत तिथे लाल. माणसं गुडघ्यांवर रांगत टिकल्या लावू लागली. जोमरेला आधी नकाशात स्वतःचं घरच सापडेना. मग तिने गल्लीवर लाल टिकली लावली, आणि बराच विचार करून तिच्यावरच हिरवी.

"अध्यक्षबाई, दोन्ही एकाच जागी?" प्योबाई म्हणाल्या.

"दोन्ही खरंच आहे ना, बाई."

लोक हसले, पण ओकनामताई हसली नाही. "अगं, तू तर मला हो म्हणालीस!"

"तुम्हाला?" ताइजुन उठला. "मावशी तर मला हो म्हणाल्या!"

"मी हो नाही म्हणाले," जोमरे पुटपुटली. "मी हं म्हणाले."

त्यावर जो गलका झाला, त्यात प्योबाईंचं पाणी सांडून नकाशावरचं बंदर ओलं झालं. गल्लीवर लाल आणि हिरव्या टिकल्या सारख्याच पडल्या होत्या. आता अध्यक्षांचाच कौल, असं ठरलं. इतके चेहरे आपल्याकडे एकाच वेळी पाहताहेत असं जोमरेच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "शाळेचं मैदान रिकामंच पडलंय. गाड्या तिथे लावू देत. पुढे पायी जातील. पाय आहेत की त्यांना."

मग ओकदादाने मांडीवर थाप मारली. ताइजुनने खूप कुरकुर केली, पण एक उन्हाळा करून बघू म्हणून त्यानेही मान्य केलं. पुढच्या मोसमात गल्लीच्या तोंडाला आडवा दांडा बसला आणि गावकरी पाळीपाळीने तिथे उभे राहू लागले. गल्ली मोकळी झाली. ओकनामताईच्या दारात पुन्हा म्हाकूल वाळू लागलं.

आणि जोमरेची खानावळ ओसंडून वाहू लागली. मैदानातून पुळणीकडे जाणारी सगळी माणसं तिच्याच बोळातून जात, भुकेली होऊन तिथूनच परतत. पहिले काही दिवस ती नुसतीच खूश होती. भाताचं मोठं पातेलं काढलं, शेजारणीला वाढायला बोलावलं. हे असं का झालं, याचा विचारही तिच्या मनात आला नाही.

तो आणून दिला ताइजुनने. खानावळीबाहेरची रांग पाहून तो कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "वा मावशी! हं हं म्हणता म्हणता मैदान मारलंत!"

रांगेतले पाहुणे काही न कळून हसले. ओकनामताई मागे उभी होती, तिला कळलं. "म्हणून होय गं शाळेचं मैदान?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती फिरकली नाही.

जोमरेला राग यायला हवा होता. आला नाही. तिला वेगळंच काही सुचलं आणि ती हादरली: खरंच तसं असेल तर? शाळा आपल्या दारासमोर आहे हे काय आपल्याला ठाऊक नव्हतं? त्या दिवशी नकाशासमोर डोक्यात काय होतं ते ती आठवून पाहू लागली. ब्यॉनदादांची घोंगडी होती का? ताइजुनचे लाल डोळे? की सूप? जितकं उकरावं तितकं गढूळ होत गेलं. सूपमध्ये मीठ दोनदा पडलं. शेवटी तिने खानावळीला कुलूपच लावलं.

"आई, तू लबाडी केलीस का?" सॉनहुईने फोनवर विचारलं.

"माहीत नाही गं."

"मग बंद कशाला केलंस?"

"तेही माहीत नाही."

खानावळ बंद होताच नवाच घोळ. उपाशी पाहुणे ताइजुनच्या दुकानात घुसले. त्याच्याकडे केक सोडून काही नव्हतं, तो दुपारपर्यंत संपे आणि लोक त्याच्यावरच डाफरत. दांड्यापाशी पाळी असलेल्या म्हाताऱ्यांना जेवण मिळेना, तेव्हा त्यांनी पाळ्या सोडायला सुरुवात केली. प्योबाईंना घाईने बैठक बोलवावी लागली.

जोमरे उठून उभी राहिली. हात ॲप्रनमध्ये गुंडाळलेले. "मी खूप आठवून बघितलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मनात गाव होतं की माझी खानावळ, ते मला सांगता येत नाही. खानावळ मनात नव्हतीच असं म्हणता आलं असतं, पण ते खरं की खोटं हेसुद्धा मला खात्रीने माहीत नाही. तुम्ही दुसरा अध्यक्ष निवडा."

मग ओकदादा खाकरला. "आम्ही सगळे आपापल्या धंद्याचाच विचार करून आलो होतो. ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. गोंधळ एकट्या तुझाच उडाला."

ताइजुन मान खाली घालून हसला. त्या दिवशी वाद झाला, पण टिकल्यांशिवाय, तोंडानेच. पाहुण्यांनी पुळणीवर जाताना बोळातून जायचं, येताना पाईनच्या झाडांमधून ताइजुनच्या दुकानावरून यायचं, असं ठरलं. तंबू कुठेच नाहीत. अध्यक्षपद ताइजुनला मिळालं, आणि महिन्याभरात तोही दुकानाच्या मागच्या दाराने ये-जा करू लागला, कारण पुढच्या दाराशी कुणी ना कुणी गाऱ्हाणं घेऊन बसलेलंच असे.

खानावळीचं कुलूप मात्र अजून निघालं नव्हतं. एका सकाळी ओकनामताई मागच्या अंगणात येऊन धप्पकन बसली. सोबत मुळ्यांची जुडी.

"खरं सांग. आता तरी कळलं का?"

"नाही ताई."

"चुलीत जाऊ दे. मलाही कळत नाही. तुझ्यावर रागावले ते आमच्या दादांच्या दुखण्यावर तू धंदा केलास म्हणून, की नुसतीच तुझ्याकडे गर्दी झाली म्हणून, देव जाणे." ताईने सुरी मागितली आणि मुळा सोलायला घेतला. "जाड चिरू की बारीक?"

"जाड," जोमरे म्हणाली, आणि किल्ली शोधायला आत गेली.