हौसाकाकूंची मोजणी

हौसाकाकूंना कुणाचा राग आला की त्या शिव्या देत नसत. पदर खोचायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "मोजणी आणीन!"

जुन्नरच्या आमच्या गल्लीत या दोन शब्दांना जो मान होता तो नगरसेवकालाही नव्हता. कारण उघड होतं. झोपेत कूस बदलताना माणूस जसा थोडा शेजारच्या अंथरुणावर जातो, तसं गल्लीतलं प्रत्येक घर कधी ना कधी थोडं सरकलेलं होतं. कुणाची पायरी रस्त्यात आलेली, कुणाचं न्हाणीघर शेजाऱ्याच्या परसात गेलेलं, कुणाच्या गच्चीने दुसऱ्याच्या गच्चीला खांदा लावलेला. सरकारी मोजणीदार यंत्र घेऊन खरोखरच आला असता तर कुणाचं काय उघडं पडलं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे काकूंनी ते दोन शब्द उच्चारले की वरातीचा डीजे बंद होई, नळावरचं भांडण मिटे आणि उष्टं-खरकटं गटारात टाकणारा हात मागे येई.

मला हे ठाऊक नव्हतं. बदली होऊन जुन्नरच्या शाळेत आले, काकूंच्या समोरच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि पहिल्याच दिवशी माझी स्कूटी त्यांच्या दारासमोर लावली. काकू ओट्यावर आल्या.

"बाई, ही जागा कुणाची?"

"रस्त्याचीच असेल ना," मी म्हटलं.

"आसंल? मोजणी आणू का?"

मी हसले. तेवढ्यात माझे घरमालक दिगंबरभाऊ बनियनवरच धावत आले आणि माझ्याकडे न बघता माझी स्कूटी स्वतः ढकलत घेऊन गेले. नंतर कळलं की त्यांचा अख्खा जिना हद्दीबाहेर असल्याचा त्यांना दाट संशय होता.

काकूंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं लोणी गाव. नवरा लवकर गेला, मागे पिठाची गिरणी ठेवून. घराच्या पुढच्या खोलीत काकूंनी ती वर्षानुवर्षं एकटीने चालवली. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची जी सवय लागली ती गिरणी विकल्यावरही गेली नाही. त्या कानात काही सांगायला लागल्या तरी ते वेशीपर्यंत ऐकू जाई. "बाई, कुनाला सांगू नका हां," अशी सुरुवात झाली की गल्लीतल्या खिडक्या उघडत.

त्यांच्या मागच्या भिंतीला लागून बशीरभाईंचं घर. बशीरभाई गाद्या भरायचे. काकूंचे यजमान त्यांचे दोस्त, म्हणून काकूंना ते वहिनी म्हणत. या दोघांचं भांडण मी येण्यापूर्वी कितीतरी आधी सुरू झालेलं होतं. कापूस पिंजला की तो उडून काकूंच्या दळणात पडे आणि काकूंचं पीठ उडून बशीरभाईंच्या कापसावर बसे.

"बशीरभाऊ, तुमच्या कापसाच्या भाकरी खाऊ का मी?"

"वहिनी, तुमचं पीठ भरलेल्या गादीला मुंग्या लागल्या. गिऱ्हाईक म्हनतंय, गादी हाये का पोळी हाये?"

"मोजणी आणीन!"

"आना की!" बशीरभाई दाढी कुरवाळत म्हणत. गल्लीत एवढा एकच माणूस होता, जो या धमकीला 'आना की' म्हणे. आम्ही समजायचो, बिचारा उसनं अवसान आणतोय.

मग काकूंचे गुडघे गेले. गिरणी विकलीच होती. आता जिना चढणंही जमेना. मुलगी सुनंदा मंचरला, जावयाचा कांद्याचा व्यापार. ती म्हणाली, घर विका आणि माझ्याकडे या. काकूंनी तीन दिवस तिच्याशी भांडण केलं आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात आल्या.

"बाई, घर तुमीच घ्या. पुण्याचा कुनी आला तर कुलूप लावून जाईल. घराला मानूस पायजे."

आम्हाला हवंच होतं. माझे यजमान सुधीर बँकेत कर्जाची चौकशी करून आले. बँक म्हणाली, सगळं ठीक आहे, फक्त मोजणीचा नकाशा आणा. आणि इथे गाडी अडली. तो नकाशा आणायचा कुणी?

"घेनाऱ्यानं," काकूंनी ठणकावलं. "म्हैस इकनारा म्हैस दावतो. दूध किती देती ते घेनाऱ्यानं पिळून बघायचं."

"पण काकू, म्हैस नक्की कुणाची आहे ते तर विकणाऱ्यानेच सांगायचं ना?" सुधीर म्हणाले.

काकूंनी सुधीरना खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, "पावणं लई शिकलेलं दिसत्यात." पण सही करेनात. आज गुडघा दुखतोय, उद्या अमावस्या, परवा सुनंदाला विचारते. गल्लीभर मोजणीचा धाक घालणारी बाई स्वतःच्या घराची मोजणी म्हटल्यावर का टाळते, हे मला कळेना. त्यांचं म्हणणं मला नंतर समजलं: म्यानातलं शस्त्र एकदा उपसलं की मग त्याचा धाक राहत नाही.

शेवटी आम्ही तिघं वकिलांकडे गेलो. वकील म्हणाले, "मोजणीचा अर्ज मालकाच्या सहीनेच होतो. घेणारा अजून मालक कुठे झालाय? खर्च कुणी करायचा तो तुमचा आपसातला मामला. पण आपण काय विकतोय हे दाखवायची जबाबदारी काकू, तुमची."

परत येताना काकू तावातावाने हेच मला सांगत होत्या, म्हणजे अर्थात सगळ्या गल्लीला सांगत होत्या. ओट्यावर बसलेल्या दिगंबरभाऊंनी संधी साधली. "काकू, लई वर्सं म्हनताय. आता आनाच की राव!"

दोन-चार जण हसले. काकूंनी वळून पाहिलं. "आनते! सही माझी आन खर्चबी माझाच. मालकीण हाये मी या घराची. बघा मंग कुना-कुनाच्या पायऱ्या ऱ्हात्यात त्या."

शेजाऱ्यांना मोजणीच्या नोटिसा गेल्या आणि गल्लीत घबराट उडाली. मोजायचं होतं फक्त काकूंचं घर, पण लोकांनी 'मोजणी' एवढंच ऐकलं. कुणी ड्रम आत घेतले, कुणी पत्र्याची शेड उतरवली, एकाने तर तुळशीवृंदावनच हात जोडून मागे सरकवलं. दिगंबरभाऊ काकूंसाठी पेढे घेऊन आले. काकूंनी पेढे ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "जिना ऱ्हाईल का न्हाई ते माज्या हातात न्हाई. पर पेढं चांगलं हायेत."

मोजणीच्या सकाळी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. मोजणीदार म्हणून आली ती नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बरोबर एक मदतनीस आणि तीन पायांच्या स्टँडवरचं यंत्र. गल्ली गच्च्यांवर जमली. काकूंनी चहा फिरवला आणि जाहीर केलं, "इकनाऱ्यानं मोजायचं, घेनाऱ्यानं बघायचं, आन शेजाऱ्यानं गप च्या प्यायचा."

पुढची हद्द निघाली. दोन्ही बाजू निघाल्या. सगळं जागच्या जागी. काकूंची मान ताठ होत चालली. मग ती मुलगी मागच्या बाजूला गेली, बराच वेळ यंत्रातून बघत राहिली, नकाशा उलटसुलट केला आणि परत एकदा बघितलं.

"आजी, स्वयंपाकघरात जरा खूण करायचीय."

"सैपाकघरात? तिथं कशाला?"

"हद्द तिथून जातेय."

तिने काकूंच्या गॅसच्या ओट्याच्या अलीकडे, फरशीवर लाल रंगाने रेघ मारली. ओटा, मोरी, मागची खिडकी, सगळं रेघेच्या पलीकडे. म्हणजे बशीरभाईंच्या जागेत.

काकू रेघेकडे बघत राहिल्या. त्यांचा हात भिंत शोधत होता. मी पुढे होऊन धरला. वाटलं, आता या कोसळतात. आमचा व्यवहार तर कोसळल्यातच जमा होता. बँक दुसऱ्याच्या जागेतल्या स्वयंपाकघरावर कर्ज कशी देणार?

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी मान वर केली.

"म्हंजी इतकी वर्सं मी बशीरभाऊच्या घरात सैपाक केला, आन मेल्याला एकदाबी जेवायला बोलवलं न्हाई?"

मग मात्र सगळी गल्ली हसली. मोजणीदार मुलगीसुद्धा. फक्त बशीरभाई खिडकीपलीकडे आपल्या मागच्या दारात खाली बघत उभे होते.

"तुमाला म्हाईत व्हतं?" काकूंनी विचारलं.

"व्हतं ना वहिनी. तुमच्या मालकानं माज्या अब्बांना इचारूनच बांधलं. म्हनला, बायकोला धुराचा तरास व्हतो, चूल जरा मागं नेतो. अब्बा म्हनले, ने."

"मंग येवढी वर्सं बोलला का न्हाई?"

बशीरभाईंच्या दाढीत हसू फुटलं. "तुमी मोजणी आणीन, मोजणी आणीन म्हनायच्या. मी म्हटलं, यकदा आनू तर द्या!"

त्या दुपारी सुनंदा आणि जावई मंचरहून आले. जावयांचा सल्ला व्यवहारी होता. पुण्याचं एक गिऱ्हाईक रोख घ्यायला तयार आहे, ते नकाशा मागत नाही. मोजणीचा कागद कपाटात ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. आम्ही समोरच बसलो होतो. पण त्यांचं चूक होतं असंही म्हणता येईना, घर त्यांचं होतं. काकूंनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "जावयबापू, दुसऱ्याची चूल इकून मी तुमच्याकडं कोंच्या तोंडानं जेवायला बसू?"

आणि काठी घेऊन त्या उठल्या. गल्लीला वळसा घालून बशीरभाईंच्या पुढच्या दाराने आत गेल्या. भिंतीवरून रोज भांडत होत्या, पण त्या दाराने किती वर्षांत गेल्या नव्हत्या. मी आधाराला बरोबर होते.

"उद्या गवंडी बोलवते. सैपाकघर पाडून तुमची जागा तुमाला देते."

"काय पाडताय वहिनी? लिहून देतो तुमाला. अब्बांनी दिली ती दिली."

"फुकट नगं. फुकट घेतलं तर उद्या भांडायला तोंड ऱ्हानार न्हाई."

शेवटी ठरलं ते असं: गिरणीच्या बाजूला काकूंच्या हद्दीतली एक पट्टी होती, तिथे बशीरभाई आपली हातगाडी लावत आणि त्यावरून रोज बोलणी खात. ती पट्टी बशीरभाईंना, स्वयंपाकघराची जागा काकूंना. अदलाबदलीचा रीतसर दस्त झाला. नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुमच्या दोघांत काही वाद नाही ना?"

"वाद तर लई हायेत," काकू म्हणाल्या, "पर जमिनीचा न्हाई."

त्यानंतर घर आमचं झालं आणि काकू मंचरला गेल्या. लिफ्टने जायचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली हायवेचे हॉर्न. भेटायला गेले की तक्रार एकच. "बाई, हितं भिंत दोघांची, छत वरच्याचं, आन जमीन कुनाचीच न्हाई. भांडावं तरी कुनाशी?" तरीही ओळखीत कुणी घर विकायला काढलं की त्या निरोप धाडत: आधी मोजून घ्या, आणि विकणाऱ्याने मोजा, सैपाकघर कुणाचं निघेल सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. सुनंदाचा फोन आला, आई जेवत नाही, दोन घासांवर तोंड फिरवते. मी निघाले तर बशीरभाई नवी टोपी घालून गाडीपाशी उभे.

आम्ही पोहोचलो तेव्हा सुनंदा खिचडीची वाटी घेऊन विनवण्या करत होती. बशीरभाई शेजारी बसले, बोटाने थोडी खिचडी उचलून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"ही काय खिचडी म्हनायची? आमच्याकडं आजाऱ्याला बी आसलं देत न्हाईत."

काकूंचे डोळे उघडले. "माज्या लेकीच्या हाताला नाव ठेवतोस?"

"ठेवतो. तुमीच खात न्हाई, म्हंजी मी खरंच बोललो."

काकू उठून बसल्या. वाटी सुनंदाच्या हातातून ओढून घेतली आणि त्यांच्याकडे रोखून बघत एकेक घास खाऊन सगळी वाटी संपवली. बशीरभाई उठले, दाराकडे जाताना सुनंदाला डोळा मारला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ हायवेकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर काकू आठवडाभरच होत्या. सुनंदा म्हणते, आईचं शेवटचं पोटभर जेवण तेच. पण त्या दिवशी बशीरभाई बाहेर गेल्यावर काकूंनी मला खूण करून जवळ बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या खरोखर कुजबुजल्या.

"बाई, अळणीच व्हती. पर त्याला सांगू नका."