माणच्या माळावरून फलटणला, साइडकार रिकामी

सांगलीहून फलटणला जायचं तर शहाणा माणूस कराड-सातारा असा पक्का रस्ता धरतो. सकाळी निघाला की दिवेलागणीला पोचतो. मी तासगाव, विटा, मायणी, दहिवडी असा माळावरचा रस्ता धरला आणि तीन दिवस लावले. का, म्हणून नात्यातल्या-ओळखीच्या सगळ्यांनी विचारलं. त्यांना मी माळ पाहायची हौस सांगितली, आणि ती काही खोटी नाही. पण खरं कारण असं, की फलटणला पोचायची मला भीती वाटत होती.

फलटण ही माझी सासुरवाडी. श्रावणात आमची शकू विषमज्वरानं गेली. चार वर्षांची होती. दोष कुणाचाच नव्हता. डॉक्टरांनी केलं, आम्हीही केलं. पण त्यानंतर घरात आम्ही दोघं एकमेकांशी मीठ-भाकरीपलीकडे बोलेनासे झालो. दिवाळीला इंदू माहेरी गेली आणि फाल्गुन आला तरी परतली नाही. गावाकडची वडीलधारी म्हणाली, कुणाला तरी आणायला पाठवू. मी म्हटलं, मीच जातो. म्हटलं खरं, पण ती नाही म्हणाली तर पुढं काय?

आता गाडीविषयी. मी हळदीच्या अडतीत कामाला आहे. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आमच्या शेटजींनी एक खाकी मोटारसायकल घेतली, गावोगाव हळद बघत फिरायला. तिला साइडकार आहे. नमुन्याची पोती त्यात यायची आणि रविवारी शकू. ती बसली की काठावरून नुसते केस दिसायचे, म्हणून इंदूनं जुन्या पातळाची, कापूस भरलेली एक जाड उशी शिवली. उशीवर बसली की शकूला रस्ता दिसायचा आणि रस्त्याला शकू. श्रावणानंतर मी साइडकारवर ताडपत्री बांधून टाकली. पोती मागच्या कॅरिअरला बांधायला लागलो.

ज्यांना या वाटेनं जायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पेट्रोल अजून कुपनावरच आहे, तेव्हा कुपनं साठवा आणि विट्याला टाकी भरून वर एक डबा घ्या. पुढं मिळेल याचा भरवसा धरू नका. पंक्चरचं सामान आपण लागेल म्हणतो त्याच्या दुप्पट न्या. माळावर बाभळी चार दिसतात आणि काटे चार लाख. मी लष्करी तंबू नेला होता. त्याच्या खुंट्या मुरमात शिरत नाहीत, दोऱ्यांना दगड बांधावे लागतात. हे मला वाऱ्यानं शिकवलं.

तासगावपर्यंत ओळखीचा मुलूख. विट्याला कांदाभजी खाऊन निघालो तेव्हा झाडं विरळ व्हायला लागली. मायणीच्या पुढं तीही संपली. नुसता तांबूस माळ, वाळलेलं कुसळी गवत आणि लांबवर एखादी टेकडी. गाडी थांबवली की इतकं शांत व्हायचं, की तापलेल्या इंजिनाची टकटक तेवढी ऐकू यायची. सांगलीत मला वाटायचं, माणसांपासून लांब गेलो की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. घरात एकटेपणाला निदान चार भिंती होत्या.

पहिला मुक्काम मायणीच्या तळ्यापलीकडे. मी तंबूशी झटत असताना एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. थांबला, गाडीला एक फेरी मारली आणि ताडपत्रीवर हात ठेवून म्हणाला, "ह्यात कोन बसतंय?"

"सध्या कुणी नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि दोरीला दगड बांधायला हात लावला. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. त्यानं एक दशमी घेतली, अर्धी कुत्र्याला घातली आणि मेंढरांमागं गेला. मला वाटत होतं, आणखी थोडा वेळ बसेल. उरलेल्या दशम्या मी तशाच गुंडाळून ठेवल्या.

दुसरा दिवस सगळा पंक्चर काढण्यात गेला. वीस-बावीस मैलांना सूर्य मावळला. दहिवडी ओलांडली आणि माणगंगेच्या काठावर तंबू ठोकला. गंगा म्हणायची खरी, पण फाल्गुनात तिच्यात पाणी नसतं, पांढरी वाळू असते. मी दोन दिवस आंघोळ केली नव्हती. कॉलरपासून कानापर्यंत धूळ.

सकाळी पात्रात उतरलो तर वाळूत हातभर खोल खड्डा दिसला. तळाशी बादलीभर स्वच्छ, गार पाणी आणि खड्ड्यावर बाभळीची एक भली मोठी काटेरी फांदी. मला वाटलं, वाऱ्यानं पडली असेल. कुणाच्या पायात काटा मोडायला नको म्हणून मी ती जपून उचलली आणि लांब फेकून दिली. मग साबण काढला. तोंड धुतलं, मान धुतली, पाय धुतले; पाणी उरलं म्हणून सदराही धुतला.

सदरा पिळत होतो तेवढ्यात दोन मातीच्या घागरी घेऊन एक बाई आली. पन्नाशीची, किडकिडीत, डोक्यावर चुंबळ. खड्ड्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"काटी कुनी काडली?"

मी काढली, मी जरा ऐटीतच सांगितलं, कुणाला टोचली असती.

ती वाळूत बसलीच. म्हणाली, "आवं पावनं, ती काटी आमचं कुलूप हाय."

मग मला सगळं कळलं. या खड्ड्याला झिरा म्हणतात. उन्हाळ्यात प्रत्येक घर वाळूत आपापला झिरा काढतं. रात्रभर त्यात थेंब थेंब पाणी साठतं आणि काटी ठेवली की तो कुणाचा तरी आहे असं समजायचं. गावचं पोर असो की पाटील, काटीला कुणी हात लावत नाही. आणि कुणी लावलाच, तर त्यानं तिथं बसून त्या बाईच्या घागरी भरून द्यायच्या, ही तिथली रीत. शिवीगाळ नाही, तक्रार नाही. मी पाटील नव्हतो आणि पोरही नव्हतो, तेव्हा बसलो.

आधी साबणाचं पाणी उपसून टाकायला लागलं, एकदा नव्हे, दोनदा. मग वाट बघायची. बोटभर पाणी साठलं की तिच्याजवळच्या नरोटीनं, म्हणजे नारळाच्या करवंटीनं, अलगद उचलायचं. जरा घाई केली की वाळू ढवळून सगळं गढूळ. मी तीनदा गढूळ केलं. पारूबाई, तिचं नाव तेच, कपाळावर हात मारायची आणि ते फेकायला लावायची. तिची सून घरी चुलीपाशी खोळंबली असणार, आणि याचा राग ती मधूनमधून माझ्यावर काढत होती. ते रास्तच होतं.

ऊन चढलं तशी ती बोलायला लागली. एकटंच कुठं निघालासा म्हणाली. बायकोला आणायला, फलटणला, मी सांगितलं.

"येती म्हनली का?"

"अजून विचारलं नाही."

का गेली, असंही तिनं विचारलं. मी शकूचं सांगितलं. एवढं सलग मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगताना नरोटी हातातून सुटून पुन्हा एकदा पाणी गढूळ झालं. या खेपेला तिनं कपाळावर हात मारला नाही, गढूळ पाणी स्वतःच उपसून टाकलं. मग तिनं आपलं सांगितलं. नवरा मुंबईला गिरणीत, लग्नापासून तिथंच. वर्षातून एकदा जत्रेला येतो.

"आदी मी इचारायची, आता कवा येनार. मग त्यो कायतरी सांगायचा आन मी त्ये धरून बसायची. आता इचारत न्हाई. त्याला वाटंल तवा येतुया."

दोन्ही घागरी भरेपर्यंत दुपार झाली. वाळू इतकी तापली की मला बुटातूनही कळत होतं, आणि ती अनवाणी. गाव मैलभर. मी म्हटलं, गाडीतून नेऊ. ती गाडीत बसायला काही तयार होईना, पण घागरी ठेवायला हरकत नाही म्हणाली. तेव्हा ताडपत्री सोडणं आलं. दोऱ्यांच्या गाठी महिनोन्‌महिने बसलेल्या, दातांनी सोडवल्या. आत उशी तशीच होती, मधे दबलेली. घागरी पत्र्यावर आपटून फुटल्या असत्या. खाली मऊ काही हवंच होतं. मी उशीकडे बघत उभा राहिलो. पारूबाईला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिनं घागरी खाली वाळूत टेकवल्या. मग मीच घागरी उशीवर ठेवल्या.

मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चाललो होतो आणि ती शेजारून घागरींच्या तोंडावर हात धरून चालत होती. खड्डा आला की पाणी हिंदकळायचं आणि ती मला नाही, गाडीला शिव्या द्यायची. गावात बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिच्या सुनेनं हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली. या भागात गेलात तर माडगं जरूर प्या. कुणी पैसे घेणार नाही, देऊ नका. निघताना पारूबाई म्हणाली, "परत आलासा तर काटीला हात लावू नगासा."

शिंगणापूरचा डोंगर उजवीकडे दिसत होता. शकूला तिथं न्यायचं आमचं ठरलेलं होतं. मी खालूनच हात जोडले आणि थांबलो नाही. घाट उतरला की एकदम ऊस लागतो, पाट वाहताना दिसतात. सकाळभर वाळूतून पाणी उचलल्यावर एवढं पाणी बघून मला राग आला.

गाडीचा आवाज ऐकून सासरे बाहेर आले, त्यांच्या मागं इंदू. बारीक झाली होती. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. ती उघड्या साइडकारकडे बघत होती. जवळ आली, उशीवर हात ठेवला. उशी चिंब होती, चिखलाचे दोन गोल उमटले होते.

"यावर कोण बसलं?"

"दोन घागरी," मी म्हटलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. काटी, साबण, गढूळ पाणी, गाडीला घातलेल्या शिव्या. सदरा धुतल्याचं ऐकून ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून, त्या गावातल्या बायकांसारखी. आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. शकू गेल्यावर आम्ही एका ठिकाणी बसून कधी रडलो नव्हतो. सासरे हळूच आत निघून गेले.

दोन दिवस राहिलो. आम्ही बोललो, बहुतेक शकूविषयीच. तिनं उशीची खोळ धुतली, कापूस पिळून पुन्हा भरला आणि उशी अंगणाच्या भिंतीवर ठेवली. येणार का, हे मी विचारलं नाही. रोज ओठांवर यायचं आणि मी गिळायचो. निघायच्या सकाळी गाडी काढली तशी तिनं उशी चाचपली. मी हात पुढं केला. तिनं ती दिली नाही.

"मधे अजून ओली आहे. अशीच नेलीत तर कापूस कुबट होईल," ती म्हणाली. "वाळली की मी आणते."

मी बरं म्हटलं आणि कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं गाडी बंद पडली, कारण पेट्रोलची चावी उघडायला मी विसरलो होतो. मागं वळून पाहिलं नाही. इतकं मोठं हसू घेऊन पाहायचं बरं दिसलं नसतं.

परतीला सातारा, कराड. रस्ता उत्तम, चहा सगळीकडे मिळतो, सांगण्यासारखं काही नाही. साताऱ्यात पेढे घेतले. घरी येऊन कुलूप उघडलं आणि हसू मावळलं. घर तसंच होतं.

अडतीत सध्या हळदीचा हंगाम जोरात आहे, हात पिवळे ते पिवळेच. आमच्या गल्लीत पिंजारी येतो. त्याला मी विचारलं, कापसाची जाड उशी फाल्गुनातल्या उन्हात वाळायला किती दिवस लागतात? दोन उन्हं पुरे झाली, तो म्हणाला. आता चैत्र लागला. कापूस जुना आहे, दबलेला आहे, वेळ लागत असेल. पेढे खराब झाले, टाकून दिले. साइडकारवर ताडपत्री मात्र मी पुन्हा बांधलेली नाही.