आठच्या वरचा आकडा

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं लोकांना वर-खाली न्यायची सोय केली, स्वतः मात्र जिन्यानंच चढायचा. विचारलं तर म्हणायचा, "तिची सगळी दुखणी मला माहीत आहेत ना!" आणि दोन वर्षांपूर्वी हाच मामा दुसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसला. हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होतं, आणि त्याच्या मज्जेनं ते काम जवळपास सोडूनच दिलं होतं.

रक्त कमी म्हटल्यावर शेजारीपाजारी लोहाच्या गोळ्या घेऊन हजर. दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी चढवून मामाच्या अंगात लोह आधीच नको तितकं साठलंय, हे सांगता सांगता मामीच्या नाकी नऊ आले.

मग एक नवं इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी रोखठोक सांगितलं, "सहा डोस. पिशवीशिवाय हिमोग्लोबिन आठच्या वर राहिलं तर चालू ठेवू, नाहीतर बंद." त्याच्यापुढे मामासाठी दुसरं औषध नव्हतं.

तपासणीच्या सकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर. रिपोर्ट आला. आठ पॉइंट सहा! पाच आठवडे पिशवी नाही आणि आठ पॉइंट सहा! मी ओरडलोच. मामीनं थेट नर्सबाईंना मिठी मारली. मामा मात्र फरशीकडे बघत बसलेला.

"अहो, बोला की काहीतरी!"

"परत तपासा," मामा म्हणाला. "काल दुपारपासून मी पाणी प्यायलो नाही. अंगात पाणी कमी पडलं की आकडा चढतो, असं इथल्याच एका पेशंटनं सांगितलं होतं."

मला असा संताप आला! "अरे मामा, झालं होतं ना काम! गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

"भार टाकून बघितल्याशिवाय मी एकही लिफ्ट पास केलेली नाही रे. आज स्वतःसाठी करायला निघालो होतो."

नर्सबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि पाण्याचा जग समोर आदळला. मामा निमूटपणे पीत राहिला. त्याच्या प्रत्येक घोटाबरोबर आकडा खाली सरकतोय असं वाटून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. दुपारी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. मामी येरझाऱ्या घालत होती, मला बसवत नव्हतं.

आठ पॉइंट दोन!

खरंखुरं, पाणी पिऊन, आठ पॉइंट दोन! मी आणि मामी वेड्यासारखे हसत सुटलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इंजेक्शन चालू." नर्सबाईंनी लगेच रक्तपेढीला फोन लावला. मामाच्या रक्ताशी जुळवलेली एक पिशवी तिथं सकाळपासून राखून ठेवली होती.

"आमच्या काकांची पिशवी सोडा. त्यांना नकोय. दुसऱ्या कुणाला लागत असेल तर द्या."

"बाई," मामा म्हणाला, "परत एकदा सांगा त्यांना. जरा मोठ्यानं."

नर्सबाईंनी मोठ्यानं सांगितलं. आणि मामा तोंडावर हात धरून रडायला लागला.