डावीची कणीक

पखवाज, ढोलकी, तबला यांना फक्त ताल असतो, सूर नसतो, असं म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलोय. घाटकोपरला डोंगरावरच्या आमच्या चाळीत असली माणसं ढिगाने होती. मी त्यांना धरून सहदेव गुरवासमोर नेऊन बसवायचो.

सहदेव आमच्या भजनी मंडळाचा पखवाजी. मी बुवा, म्हणजे पेटी माझी आणि गाणंही माझं. तो पेटीची काळी दोन मागायचा आणि उजव्या तोंडाच्या कडेला हातोडीने हलकेच ठोकत ते त्या पट्टीत आणून ठेवायचा. खरी गंमत डाव्या तोंडाची. आम्ही त्याला नुसतं 'डावी' म्हणायचो. तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापायचा. कणीक जास्त झाली की सूर खाली, कमी झाली की वर. सहदेव चिमटीने कणीक काढायचा, थाप मारायचा, पुन्हा चिमूटभर काढायचा. डावी पेटीच्या खालच्या 'सा'ला येऊन बसली की मान न उचलता म्हणायचा, "गावलो सूर." समोरचा शहाणा गप्प व्हायचा.

कणीक माझ्या घरून यायची. माझी बायको कुंदा दर शनिवारी मळून द्यायची. न लागलेली कणीक माझ्या घरी परत यायची. भजन आटपलं की सहदेव चार आण्याच्या नाण्याने डावीवरची खरवडून पेपरात बांधायचा आणि जाताना उतारावरच्या गोठ्यातल्या गाईला घालायचा. अन्न टाकायचं नाही, ही मंडळाची रीत.

तो परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. मी विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर, माझा पगार चालू. "मिटेल रे महिन्या-दोन महिन्यांत," असं मीच त्याला सांगायचो. दिवाळी गेली तरी मिटला नाही. त्याची बायको शेवंती चार घरची भांडी घासायला लागली, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून नसल्यासारखं होतं म्हणा. मला तेव्हा एकच ध्यास लागला होता, विक्रोळीची माघी गणपतीची भजन स्पर्धा. तीन वर्षं आमची ढाल हुकली होती.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात डावी उतरायला लागली. दर शनिवारी आणखी थोडी खाली.

"सहदेव, डावी खाली बसतेय. कणीक काढ जरा."

"ऱ्हवांदे बुवा, जाड आवाज बरो लागता."

"बरा कसला? भोपळ्यावर थाप मारल्यासारखा येतोय."

तो कसनुसा हसायचा आणि गोळा तेवढाच ठेवायचा. पंधरा वर्षं या माणसाचा कान चुकला नव्हता. संपाने त्याचा कान गेला, असं मी मंडळात बोलूनही दाखवलं. कुंदाही गोळा मोठा मोठा द्यायला लागली होती. एकदा बोटाला लागलेली कणीक जिभेवर गेली, तर खारट. घरी येऊन मी तिच्यावर डाफरलो, "वाद्याच्या कणकेत मीठ घालतेस? चामडं खराब होईल."

"हाताच्या सवयीने पडलं," ती म्हणाली.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. आमचा नंबर आला, सहदेवने गोळा थापला, थाप मारली. डावी पुन्हा खाली, आणि परीक्षक समोर बसलेले. माझं डोकं सणकलं. पेटी सोडून मी उठलो, सगळ्यांदेखत डावीवरची निम्मी कणीक ओरबाडली आणि मंडपामागच्या गटारात भिरकावली.

"आता वाजव," मी म्हणालो.

सहदेवचा हात कणकेमागे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्याने थाप मारली. डावी चोख लागली होती. त्या दुपारी त्याने जसं वाजवलं तसं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही. पखवाजाच्या सुराचं खास नाव घेऊन परीक्षकांनी आम्हाला ढाल दिली.

संध्याकाळी ढाल शेवंतीला दाखवायची म्हणून मी सहदेवबरोबर त्याच्या खोलीवर गेलो. तो वाटभर नको नको म्हणत होता. मला वाटलं, रागावलाय. आत स्टोव्हवर तवा तापत ठेवला होता. त्याच्या सहा वर्षांच्या जयाने ढालीकडे बघितलंही नाही. बापाच्या हातातली पेपरची पुडी घेऊन तिने सोडली.

"बाबा, आज भजनाची चपाती इतकीच?"

शेवंतीने ती पुडी पदराआड ओढली. सहदेव भिंतीकडे बघत उभा राहिला.

त्याचा कान गेला नव्हता. पोरीच्या चपातीसाठी तो दर शनिवारी स्वतःच्या हाताने स्वतःचा सूर बिघडवत होता, आणि वर माझं बोलणं ऐकून घेत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढाल घेऊन तसाच उतरलो.

घरी कुंदा भाकऱ्या थापत होती. सगळं सांगितलं तरी तिचा हात थांबला नाही.

"तुम्हाला आज कळलं?" ती म्हणाली. "मग मीठ कशाला घालत होते मी?"

"सरळ डबाभर पीठ द्यायचंस."

"दिलं होतं. शेवंतीने परत पाठवलं. गाईचं म्हणून तेवढं नेता येत होतं त्यांना."

पुढच्या शनिवारी तिने परातभर कणीक मळली. मी स्वतः नेऊन पखवाजाशेजारी ठेवली. सहदेव आला नाही. नंतरही कधी आला नाही, शिमग्याआधी खोली सोडून बायको-पोरीसकट गावी गेला. त्या शनिवारी आम्ही नुसत्या टाळांवर भजन उरकलं. उठताना बघितलं, तर कणकेवर सुकून पापुद्रा धरला होता. ती मी गाईला घातली.