टीचरची डिजिटल चावी

पोलिसाच्या नोकरीत शेकडो जबाब नोंदवले. त्यातला विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या एका मुख्याध्यापिकेचा जबाब अजून मनातून जात नाही.

विरारच्या आमच्या ठाण्यात निनावी फोन आला. एका शाळेतून जन्मसाल बदललेले दाखले बाहेर पडत होते. असे तीन दाखले हाती लागले. तिन्हींवर त्या मुख्याध्यापिकेची डिजिटल सही; गावात सगळे त्यांना 'टीचर' म्हणत. ती सही बोटाएवढी इलेक्ट्रॉनिक चावी संगणकाला लावून, पिन टाकून होते.

महिला अंमलदारासमोर मी टीचरना विचारलं, "चावी कोणाला देता?"

"कोणालाच नाही. गळ्यात क्रूसाबरोबर असते."

"म्हणजे सह्या तुमच्याच."

"खोटं मी काही केलं नाही, साहेब. पण चावी दुसऱ्याला दिली असंही म्हणणार नाही."

सुटण्यासाठी दुसऱ्याचं नाव पुढे करणारी माणसं मी रोज पाहत होतो. या बाईंनी तसं केलं नाही. जबाबावर सही करताना मात्र त्यांचा हात कापत होता. मी मनात त्यांना दोषी ठरवलं.

शाळेतला संगणक पंचांसमक्ष जप्त केला. सायबर शाखेच्या हवालदारबाईंनी त्यातल्या सगळ्याची नक्कल दुसऱ्या संगणकावर घेऊन तिथे टीचरची चावी लावून पाहिली.

"सर, काहीच उघडलेलं नाही, तरी चावीचा दिवा लुकलुकतोय."

मागे गुपचूप एक प्रोग्रॅम चालू होता. चावी लागताच तो ती क्षणात ओळखायचा, पिन स्वतःच भरायचा आणि एका फोल्डरमधल्या सगळ्या कागदांवर सही करायचा. हवालदारबाईंनी तो बंद केला, तसा दिवा थांबला. प्रोग्रॅमचं नाव होतं 'टीचरसाठी'.

शाळेची संगणक ऑपरेटर टीचरचीच जुनी विद्यार्थिनी. प्रोग्रॅमचं नाव ऐकताच ती रडू लागली.

"टीचरचे हात कापतात, सर. पिन चुकायचा, चावी लॉक व्हायची, त्यांना लाज वाटायची. मी त्यांना सांगितलं, आता पिन लागत नाही. त्यांच्यासाठीच केलं होतं. मग भावाचं भरतीचं वय उलटलं..."

त्याचा साल बदललेला दाखला तिने त्या फोल्डरमध्ये टाकला. भावामागून त्याचे दोन मित्र आले. तिला नाही म्हणता आलं नाही.

टीचरना ठाण्यात बोलावून मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोरीनं काही खाल्लं का?"

पुढे कोर्टात टीचरनी तिच्याविरुद्ध खरी साक्ष दिली, एक शब्दही न लपवता. बाहेर आल्या आणि तिच्याच शेजारी बाकावर बसल्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकलीस. पण मी आहे."

खरं बोलायचं आणि माणूसही सोडायचा नाही, हे दोन्ही जमतं, हे मला निवृत्तीच्या तोंडावर त्या बाकापाशी कळलं.